माणसं मोजू नका, वाटा मोजा

वस्तीलगतचं राखीव जंगल कुठलंही असो, त्यावरचा वाद ठरलेला असतो. सुट्टीच्या दिवशी दारात गाड्यांची रांग लागते, आत पायवाटेवर माणसांची लागते, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'आता संख्येवर मर्यादा घाला, नाहीतर हे जंगल राहायचं नाही.' त्यावर दुसरं कुणीतरी उसळून विचारतं, 'जंगल काय तुमच्या मालकीचं आहे?' दोघंही पोटतिडकीने बोलत असतात आणि दोघंही डोकीच मोजत असतात. पायी फिरणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो, असं माझं म्हणणं आहे. किती माणसं आली याच्यापेक्षा त्यांचे पाय कुठे पडले, किती वाटांवर विखुरले आणि दिवसाच्या कुठल्या वेळी पडले, यावर जंगलाचं बरंवाईट जास्त ठरतं. म्हणून दार उघडं ठेवा, आतल्या वाटा कमी करा, उरतील त्या नीट बांधा, आणि दिवस मावळला की सगळ्यांना बाहेर काढा. ऐकायला हे कडक वाटेल. पण आधी जागा राखून मगच आत सोडणाऱ्या फाटकापेक्षा यात सामान्य माणसाला जास्त जागा आहे.

आधी मातीचं बघू. पायाखाली येणाऱ्या वनस्पती किती सोसतात हे शास्त्रज्ञांनी अक्षरशः चालून पाहिलं आहे. जिथे कुणी फिरकत नाही अशा जागी शेजारीशेजारी अरुंद पट्टे आखायचे. एकावरून २५ वेळा चालायचं, दुसऱ्यावरून ७५ वेळा, मग २००, मग ५००. एक पट्टा तुलनेसाठी तसाच सोडायचा. डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी १९९३ साली या प्रयोगाची प्रमाणित पद्धत मांडली आणि पुढे तो वेगवेगळ्या प्रकारच्या जमिनींवर होत राहिला. वनस्पतीगणिक आकडे बदलतात. गवत चिवट असतं; सावलीतली रुंद पानांची रोपं आणि नेचे लगेच मान टाकतात. आलेखाचा आकार मात्र बहुतेक वेळा सारखाच येतो. नुकसान सुरुवातीला झपाट्याने चढतं आणि पुढे जवळजवळ सपाट होतं. कोऱ्या जमिनीवरून गेलेली पहिली काही डझन माणसं जेवढं बिघडवतात, तेवढं आधीच उघड्या पडलेल्या, घट्ट झालेल्या वाटेवरून जाणारी पुढची शेकडो माणसं बिघडवत नाहीत.

याचा अर्थ पचायला जड आहे. वाटेवरून गप्पा मारत, थोडा गोंगाट करत जाणारा वीस जणांचा घोळका आपल्याला खुपतो. त्याच्यापासून दूर, एकटा, हलक्या पावलांनी रानात शिरणारा निसर्गप्रेमी आपल्याला भला वाटतो. मातीच्या दृष्टीने हिशेब उलटा असतो. घोळका जिथे चालतो तिथे बिघडण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. निसर्गप्रेमी जिथे पाऊल टाकतो तिथे सगळंच शिल्लक असतं, आणि त्याच्या मागून त्याच्याइतकेच भले आणखी तीसजण गेले की तिथे एक नवी वाट उमटते. अशा वाटांना आखणी नसते, देखभाल नसते, नकाशावर नाव नसतं. कुणी त्यांना आडवाटा म्हणतं, कुणी चोरवाटा. जुन्या, गजबजलेल्या जंगलाच्या नकाशावर त्या काढून पाहिल्या तर अधिकृत वाटांपेक्षा त्यांचीच लांबी जास्त भरली तरी नवल नाही.

पाऊल वाट उघडी पाडतं, पण तिला खातं ते पाणी. तुडवलेल्या मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरेनासं होतं आणि वरूनच धावू लागतं. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली येत असेल तर पावसाला आयती नाली मिळते. पहिल्या वर्षी बारीक ओघळ दिसतो, काही वर्षांत मुळं उघडी पडतात, मग गुडघाभर घळ होते. घळीतून चालणं नको म्हणून लोक काठावरून चालतात, काठावर दुसरी वाट पडते आणि तिचीही घळ होते. म्हणून वाट बांधणारे जाणकार ती डोंगराच्या कुशीतून आडवी नेतात. तिची बाहेरची कड किंचित उतरती ठेवतात आणि थोड्या थोड्या अंतरावर मुद्दाम एखादा छोटा उलटा चढ देतात. त्यामुळे पाणी वाटेवर रेंगाळत नाही, ओलांडून खाली निघून जातं. त्यांचे दोन ढोबळ नियम आहेत. वाटेचा चढ सरासरी १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १०० मीटर चालल्यावर १० मीटरच उंची. आणि डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त चढ कधीच नाही. दुसरा नियम लोकांच्या लक्षात येत नाही. त्याचा अर्थ असा की जवळजवळ सपाट जागेवर वाट सरळ नेली तरी ती पाणी धरणार. सपाटीवरच्या चिखलाचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

चिखल आला की चालणाऱ्याची परीक्षा सुरू होते, आणि बहुतेक जण नापास होतात. बूट वाचवायला प्रत्येकजण एक पाऊल बाजूला टाकतो आणि वाटेची रुंदी वर्षागणिक वाढत जाते. चिखलातून मधूनच जा, ही सूचना प्रत्येक दारावर ठळक लावावी. पण एकाच जागी दरवर्षी चिखल होत असेल तर दोष निव्वळ चालणाऱ्याचा नसतो. वाट चुकीच्या जागी आहे, किंवा पाणी काढून देणारा चर बुजलेला आहे. वळणं कापून सरळ उतरणाऱ्यांचंही तसंच. त्यांना बेशिस्त म्हणून झापणं सोपं असतं. पण वरच्या वळणावर उभं राहिल्यावर खालची वाट समोर दिसत असेल तर माणूस उतरणारच. चांगला आखणीकार वाटेचे असे दोन टप्पे एकमेकांच्या नजरेआड ठेवतो. मध्ये खडक येईल, जाळी येईल, निदान अंतर तरी येईल असं पाहतो. शिस्त पाटीवर लिहिता येते तशी आखणीतही घालता येते, आणि आखणीतली जास्त टिकते.

इंग्लंडमधल्या किंडर स्काउट या पठाराची कथा इथे सांगायला हवी, कारण हक्क आणि झीज ही दोन्ही टोकं तिच्यात आहेत. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसं जमीनदारांची मनाई झुगारून त्या पठारावर चढली. पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली ती खासगी माळजमीन होती, आणि चढणाऱ्यांत मँचेस्टरकडचे कामगार बरेच होते. पाचजणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात फिरण्याच्या सोयीचा कायदा झाला. १९५१ साली तोच परिसर ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. १९६५ साली, पुन्हा २४ एप्रिललाच, त्या भागातून सुरू होणारी पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची वाट अधिकृतपणे खुली झाली. हक्काची लढाई जिंकली गेली होती.

मग माणसं आली. तिथली जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं कुजत साचलेल्या वनस्पतींची. ओली असताना ती पाय गिळते. चालणारे बाजूने जाऊ लागले, त्याच्या बाजूने आणखी कुणी, आणि काही पट्ट्यांत एका पायवाटेच्या जागी कित्येक मीटर रुंद काळी, उघडी जखम झाली. तेव्हा व्यवस्थापकांपुढे सोपा उपाय होता: संख्या कमी करा. तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी मोठमोठ्या दगडी फरशा हेलिकॉप्टरने वर नेल्या आणि पीटवर एकेरी ओळीत मांडल्या. लोक त्या ओळीवर आले, दोन्ही बाजूंची जमीन मोकळी झाली आणि तिथे हिरवं परत यायला लागलं. त्यातल्या बऱ्याच फरशा लँकेशायरमधल्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या होत्या. ज्यांच्यावर उभं राहून आजोबांनी यंत्रं चालवली असतील त्या फरशांवरून नातवंडं डोंगरावर चालू लागली. असा योग कुणी ठरवून आणला नसता.

फरशांवर नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. जंगलात बांधकाम कशाला, मग बागेत आणि रानात फरक काय, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप निव्वळ रसिकपणाचा म्हणून उडवून लावू नये. त्यात तथ्य आहे. पण तो जुना आहे, आणि ज्या जंगलात तो उद्भवू शकला असता तिथेच त्याचं उत्तरही सापडतं. पॅरिसजवळच्या फॉन्टेनब्लोच्या जंगलात क्लोद-फ्रान्स्वा देनकूर नावाचा नेपोलियनच्या सैन्यातला एक निवृत्त सैनिक १८४२ पासून पायवाटा आखत होता. खडकांवर आणि झाडांवर निळ्या खुणा करून त्याने शहरातल्या माणसाला वाटाड्याविना रानात फिरायची सोय केली. १८४९ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली आणि पॅरिस सुट्टीला या जंगलात येऊ लागलं. त्याच काळात, त्याच जंगलाच्या कडेला राहणारे चित्रकार जुनी झाडं तोडण्याच्या विरोधात आवाज उठवत होते. १८६१ साली सरकारी हुकुमाने एक हजार हेक्टरांहून अधिक भाग तोडीपासून वगळला गेला. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान व्हायला तेव्हा अकरा वर्षं होती. म्हणजे जंगल राखण्याचा आधुनिक विचार आणि खुणा केलेली पायवाट ही दोन्ही एकाच रानात, एकाच पिढीत वाढली. रान पाहायला येणारा माणूस ते राखायलाही उभा राहील, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

तरीही बांधकामात फरक करायला हवा. पायासाठी केलेलं काम आणि कॅमेऱ्यासाठी केलेलं काम ही दोन वेगळी कामं आहेत. पाण्याला वाट देणारा चर, दलदलीवरची फळ्यांची वाट, निसरड्या उतारावर बसवलेले दगड हे सगळं पायासाठी. कड्यावर काढलेला काचेचा सज्जा, रंगीत दिव्यांची कमान, जंगलाच्या नावाची माणसाहून उंच अक्षरं, हे कॅमेऱ्यासाठी. पहिल्या प्रकारचं काम चांगलं झालं तर दिसतच नाही. म्हणूनच त्याला निधी मिळत नाही. नव्या वाटेचं उद्घाटन करायला पाहुणे मिळतात, जुन्या वाटेवरचा बुजलेला चर उपसायला फावडंसुद्धा मिळत नाही. राखीव जंगलांच्या खर्चात नवं किती आणि डागडुजीचं किती, हा प्रश्न नागरिकांनी विचारायला हवा. माझा अंदाज असा की उत्तर बहुतेक ठिकाणी लाज आणणारं निघेल.

इथवर मी मातीचाच हिशेब मांडला. त्यावर कुणी वन्यजीव अभ्यासक म्हणेल, की जंगल म्हणजे नुसती माती नव्हे. तुमच्या उत्तम बांधलेल्या वाटेवरून शिस्तीत जाणारा माणूसही प्राण्यांना त्रासच देतो. हा आक्षेप या विषयातला सगळ्यात भक्कम आहे. २०१६ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात करमणुकीसाठी रानात जाणाऱ्या माणसांच्या प्राण्यांवरील परिणामांचा आढावा आला. त्यात २७४ शोधनिबंध तपासले होते. त्यांतल्या ९३ टक्क्यांहून जास्त निबंधांत काही ना काही परिणाम आढळला, आणि नोंदलेल्या परिणामांपैकी ५९ टक्के वाईट होते. त्याआधी, २००८ साली, उत्तर कॅलिफोर्नियातल्या २८ संरक्षित क्षेत्रांची तुलना झाली होती. जिथे लोकांना शांतपणे फिरायची मुभा होती, तिथे स्थानिक मांसभक्षक प्राण्यांची घनता मनाई असलेल्या जागांच्या तुलनेत सुमारे पाचपट कमी दिसली. गाडी नाही, बंदूक नाही, नुसतं चालणं. 'आम्ही काही तोडत नाही, काही उचलत नाही, मग आमचा काय त्रास' हे वाक्य यानंतर कुणी उच्चारू नये.

पण या पुराव्यातून माणसांची संख्या निम्मी करा हा निष्कर्ष निघतो का? मला तो निघताना दिसत नाही. वाटेवर दिवसाला शंभर माणसं असोत की दोनशे, जो प्राणी माणसाला बुजतो तो त्या वाटेपासून दूरच राहतो. संख्या निम्मी केल्याने त्याची जमीन त्याला परत मिळत नाही. ती मिळते वाटच बंद केल्याने. कागदावर साधा हिशेब करून बघा. समजा वाटेच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंत प्राण्यांना माणसाची झळ लागते. प्रत्यक्षात लहान पक्ष्यांना ती कमी अंतरावर लागते, हरणांसारख्या मोठ्या प्राण्यांना आणि शिकारी पक्ष्यांना काहीशे मीटरांवरूनही. तेव्हा १०० मीटर हा निव्वळ समजुतीपुरता आकडा. एक किलोमीटर वाट म्हणजे २०० मीटर रुंदीचा पट्टा, म्हणजे एक चौरस किलोमीटरचा पाचवा हिस्सा. दहा चौरस किलोमीटरच्या जंगलात अशा २० किलोमीटर विखुरलेल्या वाटा असतील तर चार चौरस किलोमीटर, म्हणजे जंगलाचा ४० टक्के भाग, माणसाच्या सावटाखाली गेला. त्यात २० किलोमीटर चोरवाटांची भर पडली की ८० टक्के. या आकड्यात माणसांची संख्या कुठेही आलेली नाही, हे लक्षात घ्या. दिवसाला दहाजण आले तरी पट्टा जवळपास तेवढाच. आणि त्याच वाटा एका बाजूला, जवळजवळ आणल्या तर पट्टे एकमेकांवर चढतात आणि उरलेलं जंगल सलग, मोकळं राहतं.

म्हणून प्रत्येक राखीव जंगलात एक भाग असा हवा जिथे वाटच नाही. अधिकृतही नाही, चोरवाटही नाही, 'फक्त अभ्यासकांसाठी' म्हणून ठेवलेली अपवादाची पळवाटही शक्यतो नाही. हा भाग जंगलाच्या मध्यावर, पाणवठ्याला धरून असावा. काठावरचा उरलासुरला, नापीक तुकडा देऊन काम भागवू नये. काठावरच्या भागात मात्र सढळ हाताने, चांगल्या, कुणालाही चालता येतील अशा वाटा असाव्यात. चाकाची खुर्ची जाईल अशी निदान एक तरी असावी. 'आम्हाला सगळं जंगल बघायला मिळत नाही' अशी तक्रार येईल. येऊ द्या. सगळं बघायला मिळणं हा हक्कात मोडत नाही.

कुत्र्यांबद्दल लिहिलं की पत्रांचा पाऊस पडतो, तरी लिहितो. सिडनीजवळच्या जंगली वाटांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोरीला बांधलेला कुत्रा घेऊन कुणी गेलं की त्या जागी पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली. कुत्र्याविना गेलेल्या माणसांमुळेही पक्षी बुजले, पण निम्म्याहूनही कमी. आणि जिथे कुत्रे रोज येतात तिथले पक्षी सरावतील ही आशाही खोटी ठरली; तिथेही परिणाम तेवढाच होता. आपला कुत्रा गुणी आहे हे पक्ष्याला माहीत नसतं. काठावरची एखादी वाट कुत्र्यांसाठी ठेवावी, बाकी जंगल त्यांना बंद.

आता वेळेबद्दल. या मुद्द्यावर मला सगळ्यात कमी तडजोड मान्य आहे. २०१८ साली 'सायन्स'मध्ये सहा खंडांवरच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सस्तन प्राण्यांच्या ६२ जाती होत्या. माणसाचा वावर वाढला की हे प्राणी रात्री जास्त वावरतात, आणि ही वाढ सरासरी १.३६ पट, असा त्याचा निष्कर्ष. जो प्राणी आपला अर्धा वावर दिवसा आणि अर्धा रात्री करत होता, तो आता सुमारे ६८ टक्के रात्री करतो. शिकार, शेती, रस्ते आणि नुसतं पायी फिरणं, सगळ्यांना प्रतिसाद साधारण सारखाच. याचा अर्थ प्राण्यांनी आपल्यासोबत एक वाटणी करून टाकली आहे. दिवस तुमचा, रात्र आमची. आपल्याला न विचारता केलेली ही वाटणी आपल्या फारच सोयीची आहे. आपल्याला आवडणारी वेळ आपल्याकडे आली, आणि त्यांच्या वाट्याला अंधारात चरणं, अंधारात पिल्लं सांभाळणं आलं.

अशा वेळी डोक्याला दिवा बांधून रात्रीच्या जंगलफेऱ्या काढणं म्हणजे उरलेला हिस्साही मागणं. चांदण्यातली भटकंती, काजवे बघायला काढलेल्या सहली, पहाटे चारला निघून शिखरावर सूर्योदय गाठणाऱ्या मोहिमा यांची जाहिरात 'निसर्गाच्या जवळ नेणारा अनुभव' अशी होते. निसर्गाला विचारलं तर तो काय म्हणेल हे वरच्या आकड्यात आहे. राखीव जंगल सूर्यास्तापूर्वी तासभर बंद व्हावं आणि सूर्योदयानंतर उघडावं. दिवसा माणसांची संख्या दुप्पट झाली तरी चालेल, पण रात्री एकही नको. सूर्योदय बघायला उंच जागा पुष्कळ आहेत. त्यासाठी राखीव जंगलच लागतं असं नाही.

ज्यांना तरीही संख्या मोजायची आहे त्यांच्याकडे दाखवायला उदाहरणं असतात, आणि ती खोटी नाहीत. अमेरिकेतल्या ॲरिझोना-यूटा सीमेजवळ 'द वेव्ह' म्हणून ओळखला जाणारा लाटेसारखा वालुकाश्म आहे. तिथे पूर्वी दिवसाला वीस माणसांनाच जाऊ देत. २०२१ पासून चौसष्टांना जाऊ देतात, तेही सोडत काढून. दगड ठिसूळ आहे, जागा एवढीशी आहे आणि जगभरातून मागणी आहे. तिथे दुसरा इलाज नाही. पण माणूस अशा जागी आयुष्यात एकदा जातो. वस्तीलगतच्या जंगलाचं सगळं मोल नेमकं उलट्या गोष्टीत आहे: तिथे पुन्हा पुन्हा, न ठरवता, कामावरून सुटल्यावर तास मोकळा मिळाला म्हणून जाता येतं. आठ दिवस आधी फोनवरून जागा राखायची अट घातली की हे जाणं संपतं. राखीव जागा मिळते ती ज्याचं वेळापत्रक स्वतःच्या हातात आहे त्याला. पाळीने काम करणारा, घरचं आजारपण काढणारी, स्मार्टफोन नीट न वापरता येणारा म्हातारा, हे सगळे दाराबाहेर राहतात, आणि त्यांना बाहेर ठेवल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते तक्रार करायला आतच नसतात. उद्या जंगलातून रस्ता काढायचा प्रस्ताव आला की त्याविरुद्ध उभं राहायला लागतात ती रोज येणारीच माणसं. त्यांना आज फाटकावर अडवून आपण उद्याची फळी कापतो.

खुद्द अमेरिकेच्या वनसेवेतल्या नियोजकांनीही १९८५ साली प्रश्नाची ही मांडणी बदलली. 'किती माणसं झेपतील' हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, कारण त्याला एक उत्तर नसतं. त्याऐवजी 'किती बदल आपल्याला चालेल' हे आधी ठरवायचं, मग ते मोजायचं: वाटेची रुंदी, उघड्या मुळांची संख्या, चोरवाटांची लांबी, अमुक पक्ष्याची घरटी. मर्यादा ओलांडली की कृती करायची, आणि ती कृती संख्या कमी करण्याचीच असली पाहिजे असं नाही. वाट वळवता येते, फरशी घालता येते, वेळ बदलता येते, एखादा पट्टा विणीच्या काळात बंद ठेवता येतो. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातून फिरायचा हक्क १९९४ पासून राज्यघटनेत नोंदलेला आहे, आणि त्याच देशात पक्षीसंरक्षण क्षेत्रं अंडी-पिल्लांच्या काळात माणसांना बंद असतात. हक्काला तिथे कुठे बाधा आलेली ऐकिवात नाही.

नवी अडचण फोनची आहे. कुणी एकाने चोरवाटेवरून जाऊन आपला माग ॲपवर चढवला की ती वाट जगाच्या दृष्टीने अधिकृत होते. दुसरा माणूस पाटी बघत नाही, निळा ठिपका बघतो. त्याला बेशिस्त म्हणता येत नाही, कारण आपण वाटेवरच आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. जंगलाच्या व्यवस्थापकांनी असे माग शोधून ते काढायला लावणं हे आता देखभालीचंच काम आहे. जमिनीवर चोरवाट बुजवण्याची रीतही साधी आहे. तोंडाशी नुसती 'प्रवेश बंद' पाटी लावून काही होत नाही. पाटीमुळे उलट तिथे वाट आहे हे कळतं. सुरुवातीचे काही मीटर, जेवढे मुख्य वाटेवरून दिसतात तेवढे, माती उकरून सैल करायचे, वाळक्या फांद्या आणि पालापाचोळा टाकायचा, एखादं झुडूप लावायचं. वाट दिसली नाही की कुणी शिरत नाही. हे काम महागडं नाही. त्याला लागतात चार माणसं, एक सकाळ, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच चार माणसं.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र आवडती वाट बंद होणं. इथे विरोध नवख्यांकडून येत नाही, तो आमच्यासारख्या नेहमीच्या फिरस्त्यांकडून येतो. 'मी इतकी वर्षं इथून जातो' हा आमचा दाखला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या लोकांना तो बाजूला ठेवावा लागला. शहराच्या पश्चिमेला वायताकेरेच्या डोंगरांत कौरी नावाचे प्रचंड, शतकानुशतकं जगणारे वृक्ष आहेत. मातीतून पसरणारा एक सूक्ष्मजीव त्यांची मुळं कुजवतो, आणि तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्यांत बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या ते कवेराउ आ माकी या माओरी समाजाने आपल्या परंपरेप्रमाणे त्या जंगलावर 'राहुई', म्हणजे तात्पुरती बंदी, जाहीर केली. लोक तरीही जात राहिले. मे २०१८ मध्ये नगर परिषदेने जंगलाचा भाग कायद्याने बंद केला. त्यानंतर एकेक वाट हाती घेऊन तिच्यावर खडी घातली, ओल्या जागी फळ्या टाकल्या, बूट घासायची आणि जंतुनाशकाची सोय केली, आणि मगच ती टप्प्याटप्प्याने खुली केली. काही वाटा परत मिळाल्या, सगळ्या मिळाल्या नाहीत.

अशी बंदी लोकांनी मानावी असं वाटत असेल तर तिच्यासोबत तीन गोष्टी दारावर लावा: काय मोजलं, किती आढळलं, पुन्हा कधी मोजणार. कारण न सांगता ओढलेली साखळी लोक ओलांडतात, आणि साखळीपलीकडे पडलेलं पहिलं पाऊल नवी वाट सुरू करतं. उलट, समोर आकडे असतील तर पुढच्या मोजणीला स्वतःहून यायला तयार असणारी माणसं त्याच वाटेवर रोज चालत असतात. त्यांच्या हातात फीत आणि वही द्या. कुठला चर तुंबलाय हे त्यांना आधीच माहीत असतं.